गणनयंत्राचे शिल्पकार लायब्निझ : हातच्याच्या कोड्याशी चार दशकांची झुंज

जर्मनीतील हॅनोव्हर शहराच्या ग्रंथालयात धातूचे एक लांबट यंत्र जपून ठेवले आहे. त्यात आठ अंकी संख्या मांडता येते आणि सोळा अंकांपर्यंतचे उत्तर मिळते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार या चारही क्रियांसाठी घडवलेले हे यंत्र म्हणजे थोर तत्त्वज्ञ आणि गणिती गॉटफ्रीड विल्हेल्म लायब्निझ यांच्या सुमारे चाळीस वर्षांच्या ध्यासाची उरलेली खूण होय.

लायब्निझ यांचा जन्म १६४६ मध्ये लाइपझिग येथे झाला. वडील तेथील विद्यापीठात नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलगा सहा वर्षांचा असताना त्यांचे निधन झाले. मागे राहिला तो त्यांचा ग्रंथसंग्रह; त्यातूनच या मुलाने बव्हंशी स्वतःच्या बळावर लॅटिन भाषा आत्मसात केली. पुढे लाइपझिगने कायद्याची डॉक्टरेट नाकारल्यावर ती त्यांनी आल्टडॉर्फ विद्यापीठातून मिळवली. तेथे देऊ केलेले प्राध्यापकपद मात्र त्यांनी स्वीकारले नाही आणि माइन्झच्या राज्यकर्त्याच्या सेवेत प्रवेश केला. १६७२ मध्ये राजनैतिक कामगिरीवर ते पॅरिसला पोहोचले.

पावले मोजणारे एक लहानसे उपकरण त्यांच्या पाहण्यात आले होते. चाकांनी पावले मोजता येतात, तर संख्याही मोजता याव्यात, असे त्यांना वाटले. ब्लेझ पास्कल यांनी १६४२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, करवसुलीच्या कामात गुंतलेल्या वडिलांसाठी असे यंत्र रचायला घेतले होते. परंतु ते मुख्यतः बेरीज-वजाबाकीचे होते. गुणाकारासाठी तीच संख्या पुन्हा पुन्हा नव्याने भरावी लागे. खगोलाच्या कोष्टकांसाठी विद्वानांचे दिवसचे दिवस निव्वळ आकडेमोडीत खर्ची पडत. हे कष्ट यंत्राकडे सोपवून बुद्धीला मोकळे करावे, हा लायब्निझ यांचा हेतू होता.

त्यांच्या रचनेचा गाभा म्हणजे पायऱ्यांचा दंडगोल. या दंडगोलावर नऊ दाते बसवलेले असतात आणि प्रत्येक दाता आधीच्यापेक्षा थोडा अधिक लांब असतो. दंडगोल पुढेमागे सरकवला की शेजारच्या दंतचक्रासमोर त्याचा निराळा भाग येतो. एका भागात एकच दाता चक्राला भिडतो, दुसऱ्या भागात पाच, तर टोकाला नऊच्या नऊ. संख्येतील प्रत्येक अंकासाठी असा एक दंडगोल असतो. संख्या एकदा मांडली की ती तशीच टिकून राहते आणि दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यागणिक उत्तरात मिळवली जाते.

समजा, ३६५ ला २४ ने गुणायचे आहे. यंत्रात ३६५ मांडून दांडा चार वेळा फिरवला की १४६० मिळतात. मग सरकता भाग एक घर हलवायचा आणि आणखी दोन फेरे द्यायचे. त्यामुळे ७३०० ची भर पडून उत्तर येते ८७६०. वर्षातील एकूण तास अशा सहा फेऱ्यांत समोर येतात. पाटीवर गुणाकार करताना दुसऱ्या ओळीत एक घर सोडण्याची जी रीत शाळेत शिकवली जाते, तीच येथे चाकांनी पाळली आहे. दांडा उलट फिरवला की वजाबाकी होते. भागाकार म्हणजे अशाच वजाबाक्यांची मालिका.

१६७३ च्या आरंभी त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे लाकडी नमुना ठेवला. तो अपुरा होता आणि रॉबर्ट हूक यांनी त्यावर कठोर टीका केली. तरीही त्याच वर्षी सोसायटीने लायब्निझ यांना सदस्यत्व दिले. पॅरिसला परतल्यावर त्यांनी एका कुशल घड्याळजीच्या मदतीने धातूचे यंत्र घडवून घेतले.

खरी अडचण होती ती हातच्याची. एखाद्या घरात नऊच्या पुढे गेले की डावीकडच्या घरात एक मिळवावा लागतो. हे एकाच घरापुरते असेल तर निभावते. पण ९९९९ मध्ये १ मिळवला की हातचा एका घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा धावत सुटतो. लायब्निझ यांचे यंत्र येथे अडखळे. हातचा पुढे सरकायचा राहिला की एका पंचकोनी चकतीचे टोक वर येई आणि चालवणाऱ्याला ती बोटाने ढकलावी लागे. त्या काळातील कारागिरीच्या मर्यादेत हा दोष पुरता दूर झाला नाही.

१६७६ पासून लायब्निझ हॅनोव्हरच्या दरबारी रुजू झाले. ग्रंथपालपद, राजघराण्याचा इतिहास, हार्झच्या खाणींतील पाणी उपसण्याचा फसलेला प्रकल्प, अशा कामांतही यंत्रावरचा खर्च आणि परिश्रम थांबले नाहीत. १६८४ मध्ये त्यांनी कलनशास्त्रावरील आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या श्रेयावरून न्यूटन यांच्या पक्षाशी कटू वाद झाला. स्वतः न्यूटन अध्यक्ष असलेल्या रॉयल सोसायटीच्या समितीने न्यूटन यांच्या बाजूने कौल दिला. १७१४ मध्ये हॅनोव्हरचे राजे ब्रिटनच्या गादीवर बसले, पण लायब्निझ यांना इतिहासलेखन संपवण्यासाठी मागेच ठेवण्यात आले. १४ नोव्हेंबर १७१६ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीला दरबारातील कोणी फिरकले नाही आणि पन्नासहून अधिक वर्षे त्यांच्या थडग्यावर नावही नव्हते.

यंत्राच्या वाट्यालाही विस्मरण आले. दुरुस्तीसाठी गटिंगेनला गेलेले ते यंत्र विद्यापीठाच्या एका माळ्यावर पडून राहिले आणि १८७९ मध्ये पुन्हा उजेडात आले. तत्पूर्वी, १८२० मध्ये, फ्रान्सच्या थॉमस द कोल्मार यांनी पायऱ्यांच्याच दंडगोलावर आपल्या यंत्राचे पेटंट घेतले होते; पुढे ते कचेऱ्यांतून मोठ्या प्रमाणावर विकले गेले. १९४८ मध्ये बाजारात आलेल्या, मुठीत मावणाऱ्या ‘कुर्टा’ यंत्रातही तोच दंडगोल होता. भारतातील बँका आणि कार्यालयांत एके काळी खडखडणाऱ्या ‘फॅसिट’ यंत्राची चक्रे निराळ्या घडणीची होती. मात्र संख्या मांडणे, दांडा फिरवणे आणि घर सरकवणे ही रीत तीच होती.

शून्य आणि एक या दोनच अंकांनी गणित मांडण्याच्या पद्धतीवरही लायब्निझ यांनी १७०३ मध्ये निबंध लिहिला. गोळ्या घरंगळवून असे गणित करणाऱ्या यंत्राची कल्पना त्यांनी १६७९ मध्येच टिपून ठेवली होती. आज बेंगळूरुच्या बनशंकरीपासून पुण्याच्या हिंजवडीपर्यंत प्रत्येक संगणक याच दोन अंकांवर चालतो, आणि त्यांच्या आयुष्यभर हुलकावणी देत राहिलेला हातचा डोळ्याचे पाते लवण्याआधी पुढच्या घरात पोहोचवतो.