सेनापतींची फौज

पुण्यात आणि मुंबईत सेनापती बापटांच्या नावाचा रस्ता आहे. त्यावरून रोज हजारो माणसे जातात. पण हे सेनापती कोणत्या फौजेचे, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. ती फौज होती मुळशी खोऱ्यात भात पिकवणाऱ्या मावळ्यांची!

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. डेक्कन कॉलेजातले शिक्षण संपवून ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले आणि पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून १९०८ मध्ये परतले. मग भूमिगत जीवन, अटक, सुटका आणि पारनेरला हाती घेतलेला झाडू. एखाद्याचे चरित्र एवढ्यावरही भरले असते.

पण मुळशी त्यांची वाट पाहत होती. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला सोडायचे आणि तिथली वीज मुंबईला न्यायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा तिच्या दिमतीला दिला. पन्नासच्या आसपास गावांची जमीन जाणार होती. विचारले मात्र कुणालाच नव्हते.

१६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि बापट पुढे होते. काम काही काळ थांबलेही. पण खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. त्यांना भाव वाढवून हवा होता; कसणाऱ्याला जमीनच हवी होती. इथेच फाटाफूट झाली. कागदावर मालक एक आणि चिखलात राबणारा दुसरा, तेव्हा भरपाई कुणाच्या पदरात पडणार, हे सांगायला नको. बापट अखेरपर्यंत कसणाऱ्याच्या बाजूने राहिले.

सावकारांनी तडजोड केली, माणसे पांगली. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या सोबत्यांसह धरणाच्या कामाची आगगाडी रुळांवर दगड रचून अडवली. हातात पिस्तूल होते. हा सत्याग्रह नव्हे, असे त्या वेळीही अनेकांना वाटले, आणि ते खोटे म्हणता येत नाही. गाडीतला मजूरही गरीबच होता. बापटांनी सात वर्षांची शिक्षा पत्करली. ते तुरुंगात असतानाच, १९२७ मध्ये, भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले.

पुढे १९५५ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ते गोवामुक्तीच्या सत्याग्रहातही उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ ला त्यांचे निधन झाले. मुंबईतला त्यांच्या नावाचा रस्ता जातो तो लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या कडेने. मुळशीची वीज हवी होती, ती अशाच गिरण्यांसाठी.