थिबा राजाचं नाणं म्हणून कुणी मोराचा रुपया दाखवला, तर आधी त्यावरचं साल बघा

चांदीचं नाणं. मधोमध पिसारा फुलवलेला मोर, भोवती गोलगोल बर्मी अक्षरं. ऑनलाइन लिलावात अशा फोटोखाली ‘थिबा राजाचं दुर्मीळ नाणं, १८५२’ असं लिहिलेलं दिसलं, तर कोकणातल्या माणसाचा हात बोली लावायला आपसूक पुढे जाणार. थिबा राजा म्हणजे रत्नागिरीचा. थिबा पॅलेस, थिबा पॉइंट, शाळेची सहल, सगळं आठवणार.

अडचण एकच आहे. १८५२ साली थिबा जन्मलाच नव्हता.

त्याचा जन्म १ जानेवारी १८५९चा, ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. मग नाणं खोटं का? तसंही नाही. नाणं अस्सल असू शकतं, चांदीही अस्सल असू शकते. फक्त ते थिबाचं नाही, त्याच्या बापाचं आहे. आणि हा घोळ समजून घ्यायचा तर बाप-लेक दोघांची गोष्ट माहीत हवी.

थिबाचे वडील मिंडॉन. इंग्रजांनी १८५२च्या युद्धात रंगूनसकट दक्षिण ब्रह्मदेश गिळला. त्याच गोंधळात मिंडॉनने आपल्या सावत्र भावाला बाजूला सारून गादी घेतली. राजा शहाणा होता. लढून भागणार नाही हे त्याने ओळखलं आणि राज्य नव्याने उभं करायला घेतलं. १८५७मध्ये मंडाले हे नवं राजधानीचं शहर वसवलं, आगबोटी घेतल्या, तारयंत्र आणलं आणि १८६५च्या सुमारास यंत्रावर नाणी पाडायला सुरुवात केली. त्याआधी तिथे चांदी तोलून व्यवहार चालायचा. मोराचा हा रुपया, म्हणजे बर्मी ‘चॅट’, ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाच्या तोडीचा होता.

आता गंमत बघा. नाण्यावर साल आहे १२१४. हे बर्मी साल. त्यात ६३८ मिळवले की १८५२ येतात. बर्मी वर्ष एप्रिलमध्ये बदलतं, त्यामुळे १२१४ हे साल १८५३च्या एप्रिलपर्यंत चाललं आणि मिंडॉन गादीवर आला तो १८५३च्या फेब्रुवारीत, म्हणजे १२१४ मध्येच. नाणी पाडली बारा-तेरा वर्षांनी, पण साल कोरलं गादीवर बसल्याचं. वर नाण्यावर नाव आहे ते राजधानीचं, म्हणजे मंडालेचं. जे शहर १८५७मध्ये वसलं, त्याचं नाव १८५२च्या नाण्यावर कसं येईल? म्हणजे वर्णनात ‘१८५२ साली पाडलेलं’ असं लिहिलं असेल तर तेही चूक.

राजाचं नाव मात्र या नाण्यावर कुठेच नाही. सगळा घोटाळा त्यातूनच होतो. मोर हे राजघराण्याचं चिन्ह, शेवटचा आणि सगळ्यात गाजलेला राजा थिबा, म्हणून मोर दिसला की थिबाचं नाव चिकटवायचं. बरं, थिबाच्या काळातही ही नाणी बाजारात फिरत होतीच, त्यामुळे ‘थिबाच्या काळातलं नाणं’ म्हणणं अगदीच खोटं ठरत नाही. पण थिबाने पाडलेलं म्हणून जास्तीचे पैसे मागणं वेगळं.

थिबाच्या स्वतःच्या नाण्यांवर साल आहे १२४०, म्हणजे १८७८. तांब्याच्या नाण्यावर मोराऐवजी सिंहासारखा प्राणी आहे, बर्मी देवळांच्या दारात बसलेला असतो तसा. त्याच सालाची सोन्याची नाणीही आहेत. बर्मी आकडे येत नसले तरी अडत नाही. बर्मी शून्य आपल्या शून्यासारखंच, पूर्ण बंद वर्तुळ. सालाच्या शेवटी ते असेल तर १२४०चा विचार करा, नसेल तर थिबाचं नाव विसरा. फोटोत साल झिजलेलं किंवा अंधुक असेल तर विक्रेत्याकडून जवळून काढलेला फोटो आणि वजन मागून घ्या. मोराच्या रुपयाचं वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. कडेला टाका मारल्याची खूण असेल तर ते कधीतरी दागिन्यात बसवलेलं असणार आणि अशा नाण्याची किंमत संग्राहकांच्या लेखी उतरते.

आणि ‘थिबाने रत्नागिरीत पाडलेलं नाणं’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबायचं. का, ते पुढे येईलच.

थिबा हा गादीसाठी वाढवलेला मुलगा नव्हता. मिंडॉनला राण्या अनेक, मुलं डझनावारी. थिबाच्या आईला दरबारात फारसा मान नव्हता. मुलगा मठात शिकला, पाली धर्मग्रंथांच्या अवघड परीक्षेत वरच्या नंबरात आला. तो भिक्खू झाला असता तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. पण १८७८मध्ये मिंडॉन अंथरुणाला खिळला आणि सिनब्युमाशिन या महत्त्वाकांक्षी राणीने सूत्रं हातात घेतली. तिला मुलगा नव्हता, मुली होत्या. मधली मुलगी सुपयालत हिचा जीव थिबावर जडला होता. मंत्र्यांनाही मुठीत राहील असा राजा हवा होता. एकोणीस वर्षांचा थिबा गादीवर आला.

फेब्रुवारी १८७९मध्ये राजवाड्यात जे घडलं ते झाकून ठेवण्यासारखं नाही. गादीवर हक्क सांगू शकतील अशा राजपुत्रांना आणि नातलगांना मारण्यात आलं. बळींचा आकडा ऐंशीच्या आसपास सांगितला जातो. हुकूम कुणाचा, थिबाला आधी किती माहीत होतं, यावर वाद आहेत. सिनब्युमाशिन, सुपयालत आणि मंत्र्यांकडे बोट दाखवलं जातं. पण राजा तो होता, आणि हा डाग त्याच्या नावावरच राहिला. इंग्रज वर्तमानपत्रांनी मग त्याला दारुड्या, क्रूर राजा म्हणून रंगवलं. त्यातलं दारूचं प्रकरण बहुतेक बनावट होतं. रंगूनच्या व्यापाऱ्यांना वरचा ब्रह्मदेश हवा होता आणि असा राजा कागदावर तयार करणं त्यांच्या सोयीचं होतं.

निमित्त झालं सागवानाचं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने ठरल्यापेक्षा जास्त लाकूड तोडून पैसे बुडवले, असा ठपका ठेवून १८८५मध्ये मंडालेच्या दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपये दंड केला. इंग्रजांनी ऑक्टोबरमध्ये निर्वाणीचा खलिता धाडला, नोव्हेंबरमध्ये जनरल प्रेंडरगास्टची फौज इरावतीतून वर निघाली आणि पंधरा दिवसांत खेळ संपला. २९ नोव्हेंबरला थिबा आणि सुपयालत यांना साध्या बैलगाड्यांत बसवून नदीकाठी नेलं. लोक रस्त्यावर ओणवे होऊन रडत होते. १ जानेवारी १८८६ला ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्याला जोडल्याचं जाहीर झालं. त्या दिवशी थिबाचा सत्ताविसावा वाढदिवस होता.

आधी मद्रास, आणि मग एप्रिल १८८६मध्ये बोटीने रत्नागिरी. जागा विचार करूनच निवडली होती. रेल्वे नाही, घाट ओलांडायला कष्ट, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीही बंद. कैदी पळणार कुठे? दिल्लीच्या बहादूरशहा जफरला इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवलं होतं, ब्रह्मदेशच्या राजाला कोकणात आणलं. पुढे रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात होते, तेव्हा मंडालेचा राजा रत्नागिरीत होता.

इथे थिबाकडे टांकसाळ नव्हती, सत्ता नव्हती, शहराबाहेर मोकळेपणाने फिरायची मुभाही नव्हती. हातात यायचा तो सरकारने ठरवलेला तनखा, आणि तोही राणी व्हिक्टोरियाचा चेहरा असलेल्या रुपयांत. रत्नागिरीत त्याने नाणी पाडली ही गोष्ट शक्यच नाही ती यामुळे.

तनखा पुरायचा नाही. सवय राजवाड्याची, नोकरचाकर भरपूर, चार मुली. मग सोबत आणलेलं जडजवाहीर विकायला निघालं. मोगोकच्या खाणीतली माणकं, हिरे, दागिने. विकणाऱ्याला बाजारभाव माहीत नाही, घेणाऱ्याला गरज माहीत आहे. मौल्यवान चिजा कवडीमोलाने गेल्या. आज साधं नाणं थिबाचं म्हणून चढ्या भावाने खपवता येईल, तेव्हा थिबाच्या खऱ्या चिजांना भाव मिळत नव्हता.

सगळ्यात मोठं माणिक मात्र त्याने विकलं नव्हतं. न्गा माउक नावाचं ते माणिक राजवाडा सोडतानाच्या गडबडीत कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती गेलं, असं थिबाचं म्हणणं होतं. स्लेडनने ते नाकारलं. थिबाने अर्ज केले, पुढे कित्येक वर्षं करत राहिला. माणिक मिळालं नाही. आजही ते कुठे आहे याचे नुसते तर्क आहेत.

सरकारने अखेर राजासाठी जांभ्या दगडाचा तीन मजली वाडा बांधला. रंगीत काचा, सागवानी काम, समोर भाट्याची खाडी. १९१०मध्ये थिबा तिथे राहायला गेला, म्हणजे रत्नागिरीत येऊन चोवीस वर्षं झाल्यावर. ज्याला आपण थिबा पॅलेस म्हणतो तिथे तो जेमतेम सहा वर्षं राहिला. १९१२मध्ये त्याची धाकटी राणी गेली आणि डिसेंबर १९१६मध्ये तो स्वतः, वयाच्या सत्तावनाव्या वर्षी.

सुपयालतला त्याचा देह मंडालेला न्यायचा होता. इंग्रजांनी परवानगी दिली नाही, मेलेल्या राजाचीही त्यांना धास्ती होती. १९१९मध्ये राजाला आणि धाकट्या राणीला रत्नागिरीतच पुरण्यात आलं. सुपयालतला मग ब्रह्मदेशात परत सोडलं, पण मंडालेला नाही, रंगूनला. १९२५मध्ये ती तिथेच वारली.

थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीला परतली. वाड्यावरच्या एका मराठी नोकरावर तिचं प्रेम होतं, त्याच्यापासून तिला मुलगी झाली होती. ती टुटू. ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाची ही नात मराठी बोलत रत्नागिरीत वाढली, इथेच तिने संसार केला, तोही गरिबीत. २००० साली ती गेली.

नाण्याचा विषय निघालाच आहे तर एक व्यवहाराची गोष्ट. शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे परदेशी साइटवर विकायचा विचार असेल तर सांभाळून. शिवाय जुनी नाणी विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी शुल्क किंवा कर मागितला तर ती फसवणूक आहे, असं खुद्द बँकेनेच २०२१मध्ये जाहीर केलं आहे.

मंडालेच्या राजवाड्यातलं सिंहासन इंग्रजांनी कोलकात्याच्या संग्रहालयात नेलं होतं. ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा ते परत गेलं. राजाची कबर रत्नागिरीतच आहे. २०१२मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले आणि थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, डिसेंबर २०१६मध्ये, म्यानमारचे उपराष्ट्राध्यक्ष आणि लष्करप्रमुख आले.