मौलाना आझाद : शंकेच्या वाटेवरून ईमानाकडे

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना अटक झाली व त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्यांत काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद (रह.) होते. या बंदिवासात त्यांनी आपले स्नेही मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहिली. ती टपालाने पाठविता आली नाहीत. १९४६ साली ‘गुबारे खातिर’ या नावाने ती ग्रंथरूपात आली. त्यांत चहा आहे, कोठडीतल्या चिमण्या आहेत, १९४३ साली कलकत्त्यात वारलेल्या पत्नी जुलेखा बेगम यांचे दुःख आहे; आणि तारुण्यात आपली श्रद्धा कशी ढासळली होती, याची प्रांजळ हकिकतही आहे.

मौलानांचा जन्म १८८८ साली पवित्र मक्केत झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे विद्वान व पीर होते. कलकत्त्यात त्यांचा मोठा शिष्यवर्ग होता व ती गादी पुढे मुलाने चालवावी, अशी घरची अपेक्षा होती. शिक्षण घरीच झाले. इतरांना ज्या अभ्यासक्रमास विशी उलटून जाई, तो त्यांनी सोळाव्या वर्षी पुरा केला.

परंतु ज्ञान वाढले तसे प्रश्नही वाढले. सर सय्यद अहमद खान यांच्या लेखनाने त्यांच्या विचारांना धक्का दिला. प्रत्येक पंथ सत्य केवळ आपल्याजवळच असल्याचे सांगतो, मग खरे कोणते? या प्रश्नातून शंका धर्माच्या मुळापर्यंत पोहोचली. वारशाने आलेल्या समजुतींचे बंधन आता आपल्यावर नाही, हे दर्शविण्यासाठी त्यांनी ‘आझाद’ हे नाव धारण केले.

ही वाट चुकीची होती. पण ते तिच्यावर थांबून राहिले नाहीत. शोध सोडला नाही, वाचन सोडले नाही. काही वर्षांनी ते परतले, तेव्हा त्यांचे ईमान वाडवडिलांकडून आलेली ठेव राहिले नव्हते. ते त्यांनी स्वतः पारखून घेतलेले होते. १९१२ साली ‘अल्-हिलाल’ निघाले, तेव्हा त्यातील प्रत्येक आवाहनाचा पाया पवित्र कुरआन हाच होता.

त्या भटकंतीचे खरे फळ म्हणजे ‘तर्जुमानुल कुरआन’. पोलिसांनी त्यांची हस्तलिखिते जप्त केली व ती खराब झाली. मौलानांनी पुन्हा लेखणी उचलली. पहिला खंड १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सूरह फातिहाच्या विवरणात त्यांनी अल्लाहचे पालनकर्तृत्व, त्याची कृपा व त्याचा न्याय यांची ओळख अशी करून दिली आहे की, संशयाने पोळलेल्या मनालाही ती पटावी. ज्याला तो काटा स्वतः टोचला होता, त्यालाच तो काढण्याची रीत ठाऊक होती.

म्हणून काय शंका हेच पुण्य मानायचे? मुळीच नाही. त्या वाटेवर गेलेले सर्वच परततात, असे नाही. परंतु प्रश्न विचारणे म्हणजे ईमान सोडणे नव्हे. हजरत इब्राहीम (अलै.) यांचे ईमान पक्के होते, तरी अंतःकरणाच्या समाधानासाठी त्यांनी मृतांना जीवन कसे मिळते, ते दाखविण्याची विनंती केली. अल्लाहने त्यांना झिडकारले नाही. चार पक्ष्यांच्या द्वारे उत्तर दाखविले. सूरह अल-बकरामध्ये हा प्रसंग आला आहे.

आज वाशी-नेरूळच्या आपल्या घरांतूनही महाविद्यालयात जाणारी मुले-मुली अवघड प्रश्न विचारतात. अम्मी-अब्बा रागावले, तर प्रश्न मिटत नाही. तो फक्त घराबाहेर उत्तर शोधू लागतो. उत्तर येत नसेल तर तसे सांगावे, मुलाला सोबत घेऊन जाणत्या आलिमाकडे जावे, पुस्तक उघडून एकत्र वाचावे. परतीच्या वाटेवर आपल्या घराचे दार त्याला उघडे दिसले पाहिजे.

अल्लाह आपल्या मुलाबाळांना सरळ मार्ग दाखवो आणि वाट चुकलेल्यास हात देण्याची सद्बुद्धी आपणांस देवो. आमीन.