हिशेबाच्या वहीजवळचा साधक : सयाजी ऊ बा खिन

ध्यानधारणेचा विषय निघाला की आपल्या चळवळीतील जुन्या कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठी पडते, हे आम्ही तीस वर्षांच्या अध्यापनकाळात पुष्कळदा पाहिले आहे. डोळे मिटून बसणाऱ्याला समोरचा अन्याय दिसेनासा होतो, असा त्यांचा आक्षेप असतो. तो अगदीच निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच या स्मरणिकेसाठी आम्ही अरण्यातल्या योग्याचे नव्हे, तर सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेल्या एका गृहस्थाचे चरित्र निवडले आहे.

ऊ बा खिन यांचा जन्म ६ मार्च १८९९ रोजी रंगून शहरातील एका कामकरी वस्तीत, सामान्य कुटुंबात झाला. १९१७ साली शालान्त परीक्षेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. महाविद्यालयासाठी शिष्यवृत्तीही मिळाली. परंतु घरची ओढाताण अशी की, शिक्षण सोडून त्यांना नोकरी धरावी लागली. आपल्या शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील किती विद्यार्थ्यांना या प्रसंगात आपलाच चेहरा दिसेल, हे निराळे सांगण्याची गरज नाही. काही काळ एका बर्मी वृत्तपत्रात काम करून ते ब्रह्मदेशाच्या महालेखापाल कार्यालयात कारकून म्हणून रुजू झाले. नोकरी सांभाळूनच अभ्यास केला आणि १९२६ मध्ये लेखासेवेची परीक्षा उत्तीर्ण झाले.

१९३७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन अर्थांनी महत्त्वाचे ठरले. ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळा झाला आणि त्यांना वरचे पद मिळाले. त्याच वर्षाच्या १ जानेवारीला सया थेटजी यांच्या एका शिष्याकडून त्यांनी आनापान, म्हणजे सहज चालणाऱ्या श्वासाचे निरीक्षण, शिकून घेतले. मन एकाग्र होताच त्यांना राहवेना. दहा दिवसांची रजा मागून, आठवडाभरातच ते रंगून नदीपलीकडच्या प्याब्वेजी गावाकडे निघाले. भातखाचरांतील चिखल तुडवीत त्यांनी आचार्यांचे ठिकाण गाठले. सया थेटजी स्वतः भिक्षू नव्हते. ते शेतकरी गृहस्थ होते. त्यांना विपश्यना शिकविण्याची अनुज्ञा दिली ती थोर विद्वान भिक्षू लेडी सयाडो यांनी. धम्माची साधना चीवराबाहेरच्या माणसालाही खुली आहे, हे या गुरुपरंपरेतच सिद्ध झाले होते.

पुढे १९४१ मध्ये सरकारी दौऱ्यावर असताना वेबू सयाडो या भिक्षूंनी त्यांना इतरांस शिकविण्याचा आग्रह केला. तरी ऊ बा खिन यांनी घाई केली नाही. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी ते देशाचे पहिले महालेखापाल झाले. १९५० मध्ये त्यांनी आपल्याच कार्यालयात विपश्यना मंडळ स्थापन केले आणि १९५२ मध्ये रंगूनमध्ये आंतरराष्ट्रीय ध्यानकेंद्र उभारले. शील, समाधी, प्रज्ञा हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. आधी आचरण स्वच्छ, मग श्वासावर मन स्थिर, आणि त्यानंतर शरीरातील संवेदनांची अनित्यता अनुभवणे. यात देवाला साकडे नाही, मंत्र नाही.

आणि कचेरी सुटली का? मुळीच नाही. एकदा तीन वर्षे तीन खात्यांचे आणि एकदा सुमारे वर्षभर चार खात्यांचे प्रमुखपद त्यांनी एकाच वेळी सांभाळले. निवृत्तीचे वय उलटल्यावरही शासनाने त्यांना १९६७ पर्यंत सोडले नाही. रंगूनच्या सहाव्या धम्मसंगीतीसाठी जमलेल्या दानाच्या जमाखर्चाची मानद तपासणीही त्यांच्याकडेच होती. आम्हाला हा तपशील फार मोलाचा वाटतो. सार्वजनिक पैशाला हात न लावणे, हे आसनावर बसण्याइतकेच कठीण आहे. आपल्या संस्थांच्या बैठकांत बसणाऱ्यांना ते ठाऊक आहे.

भारताविषयी त्यांच्या मनात अपार कृतज्ञता होती. बुद्धाची ही विद्या भारताकडून मिळाली, तेव्हा ती भारताला परत केल्याशिवाय ऋण फिटणार नाही, अशी त्यांची धारणा होती. परंतु परदेशी जाण्यास पारपत्र मिळेना. अखेर त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत पहिले शिबिर झाले.

येथे इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला एक नोंद करावीशी वाटते. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. म्हणजे ब्रह्मदेशातून साधना आली तेव्हा महाराष्ट्राच्या वस्त्यावस्त्यांत बुद्धवंदना सुरू होऊन तेरा वर्षे लोटली होती. बाबासाहेबांनी माणूस उभा केला नसता, तर ही परतफेड आमच्या दारापर्यंत पोहोचली असती का, याविषयी आम्हाला शंका आहे. दोन्ही ऋणे आम्ही मानतो. त्यांचा क्रम मात्र विसरू इच्छीत नाही.

१९ जानेवारी १९७१ रोजी रंगून येथे सयाजींचे निधन झाले. त्यांच्या शिष्याने इगतपुरीला उभारलेले केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. आज आमच्या शाळेतली मुले सकाळी वंदनेनंतर दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन बसतात. त्यातलाच एक मुलगा मग भोजनालयाची वही उघडून कालच्या तांदूळ-डाळीचा हिशेब लिहायला घेतो.