उजेडाचा चित्रकार : टर्नर

शाळेत आपल्या निसर्गचित्राचा साचा ठरलेला असे : दोन डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी आणि झोपडी. सूर्य पिवळा केला की काम झाले! पण त्या सूर्याच्या उजेडापायी एका माणसाने सगळे आयुष्य वेचले. जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर हे त्याचे नाव.

१७७५ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात एका न्हाव्याच्या घरी तो जन्मला. वडील मुलाची चित्रे दुकानात विकायला लावत. आईला मानसिक आजार होता. तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले आणि १८०४ मध्ये ती गेली. चौदाव्या वर्षी टर्नरला रॉयल अकादमीच्या शाळेत प्रवेश मिळाला, सव्विसाव्या वर्षी तो अकादमीचा पूर्ण सभासद झाला. वडील पुढे त्याच्याच चित्रशाळेत कॅनव्हास ताणून देऊ लागले. १८२९ मध्ये ते गेले, तेव्हा टर्नर पार खचला.

तरुणपणी जहाजे आणि इमारती बारकाव्यांनिशी रेखाटणाऱ्या टर्नरच्या चित्रांतून पुढे रेषा विरत गेल्या. उरले धुके, पाणी, वाफ आणि उजेड. १८३९ मध्ये त्याने ट्रफाल्गारला लढलेले 'टेमेरेअर' जहाज भंगारात निघालेले दाखवले. मागे मावळतीचे आकाश पेटलेले. हे चित्र त्याने कधीच विकले नाही. १८४२ मध्ये त्याने बर्फाच्या वादळात सापडलेली आगबोट रंगवली, तेव्हा टीकाकारांनी त्या चित्राला साबणाचा फेस ठरवून हसण्यावारी नेले. नाव आणि पैसा मिळालेल्या माणसाला जुन्या वळणावर परतणे सोपे होते. तो परतला नाही. दोनच वर्षांनी त्याने पावसातून धावणारी आगगाडी रंगवली.

१८५१ मध्ये तो वारला. चित्रे देशाला द्यायची त्याची इच्छा होती, पण नातेवाईक मृत्युपत्राविरुद्ध कोर्टात गेले. अखेर १८५६ मध्ये निकाल लागून सुमारे ३०० तैलचित्रे आणि कागदावरची हजारो कामे देशाला मिळाली.

आपल्यापैकी जे लंडनला राहतात किंवा जातात, त्यांनी नॅशनल गॅलरीत ती आगगाडी जरूर पाहावी. तिकीट लागत नाही. आधी लांब उभे राहा, मग जवळ जा. इंजिनाच्या पुढे रुळावर एक ससा जीव घेऊन पळतो आहे. रंग आता इतका पुसट झालाय की तो शोधावा लागतो.