डॉ. म. ना. वानखडे : इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास कशासाठी?

महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला घरची माणसे हमखास विचारतात की, यातून पुढे काय होणार? नोकरी मिळेल, स्पर्धा परीक्षेला उपयोग होईल, चारचौघांत बोलता येईल, ही उत्तरे खरी असली तरी अपुरी आहेत. पुरते उत्तर हवे असेल तर डॉ. मनोहर नामदेव उर्फ म. ना. वानखडे यांचे जीवन पाहावे.

१९२४ साली नागपुरात जन्मलेले वानखडे सर औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० मध्ये सुरू केलेल्या या महाविद्यालयात खेड्यापाड्यांतून आलेली मुले शिकत. त्यांपैकी अनेकांच्या घराण्यात पुस्तक हाती धरणारी ती पहिलीच पिढी होती. अशा मुलांपुढे परक्या भाषेतील काव्य ठेवायचे, तर ते का वाचायचे याचा विचार शिक्षकालाही करावाच लागतो.

पुढे उच्च शिक्षणासाठी ते अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात गेले. या विद्यापीठाने पदवीच्या वर्गांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रथम प्रवेश दिला तो १९६२ मध्ये. १९६३ साली वॉशिंग्टनमध्ये नागरी हक्कांसाठी लाखोंचा मोर्चा निघाला आणि १९६४ मध्ये भेदभावाविरुद्ध कायदा झाला. अस्पृश्यतेचा इतिहास पाठीशी असलेल्या अभ्यासकाला हा लढा परका वाटणे शक्य नव्हते.

प्रबंधासाठी त्यांनी वॉल्ट व्हिटमन हा कवी निवडला. अकराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटलेला आणि छापखान्यात काम शिकलेला हा कवी. ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ हा त्याचा संग्रह १८५५ मध्ये निघाला, तेव्हा काही पानांचे खिळे त्याने स्वतःच्या हाताने जुळवले होते. वानखड्यांनी १९६५ मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधात या अमेरिकन कवीची भारतीय तंत्रविचाराशी तुलना केली. इंग्रजीचा भारतीय विद्यार्थी बहुधा पाश्चात्त्यांच्या मापाने आपले वाङ्मय मोजतो. येथे मोजपट्टी आपल्या भूमीतली होती, आणि तिने मोजला जात होता अमेरिकेचा थोर कवी. परक्या वाङ्मयापुढे दबून न जाता बरोबरीने उभे राहण्याची ही रीत आहे.

मायदेशी परतल्यावर त्यांनी मिलिंदचे प्राचार्यपद सांभाळले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकांनी गुलामी आणि अपमान यांचा अनुभव वाङ्मयात कसा मांडला, हे ते मराठी वाचकांना सांगू लागले. तेथे जे शक्य झाले ते येथेही शक्य आहे, हा त्या सांगण्यातील आशय होता. मात्र लिहिणाऱ्यांना हक्काची जागा हवी होती. प्रस्थापित नियतकालिकांत नवख्या दलित लेखकाला सहज वाव मिळत नसे. म्हणून त्यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये ‘अस्मिता’ हे त्रैमासिक निघाले. तेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते अनेक दशके चालवले. दलित साहित्याच्या कित्येक लेखकांचे आरंभीचे लेखन तेथे प्रसिद्ध झाले. इंग्रजीच्या वर्गात रुजलेल्या विचाराला अशी मराठीत फळे आली.

१९७८ मध्ये सरांचे निधन झाले. आयुष्य जेमतेम चोपन्न वर्षांचे. त्यांचे विखुरलेले लेखन वामन निंबाळकर आणि यशवंत मनोहर यांनी ‘दलितांचे विद्रोही वाङ्मय’ या ग्रंथात एकत्र आणले. नव्या वाचकाने तेथून प्रारंभ करावा.

आपल्या वसतिगृहातून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींनी इंग्रजी वाङ्मय जरूर घ्यावे. उत्तम भाषा कमवावी, नोकरीही मिळवावी. परंतु वाचताना आपल्या वस्तीतील, आपल्या आईबापांच्या कष्टांतील कोणती गोष्ट अजून कोणी लिहिलेली नाही, याची नोंद वहीत करीत जावे. ती गोष्ट मराठीत लिहायची की इंग्रजीत, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ती लिहावी. पालकांनीही मुलांच्या हातातील कथाकवितांचे पुस्तक अभ्यासाबाहेरचे मानू नये.