कोंबड्या, तांदूळ आणि गंधक : क्रिस्टियान आइकमन

गंधक म्हटलं की मुलांना फटाके आणि काडेपेटी आठवते. ते आपल्या ताटातही असतं म्हटलं की वर्गात हशा पिकतो. पण अंडी, डाळी, कांदा-लसूण या सगळ्यांत गंधक आहेच. तांदळाच्या कोंड्यातल्या एका जीवनसत्त्वातही आहे. त्या जीवनसत्त्वाचा माग ज्यांच्यामुळे लागला, त्या आइकमन यांची ही गोष्ट.

त्यांचा जन्म ११ ऑगस्ट १८५८ रोजी नेदरलँड्समधल्या नाइकेर्क गावी झाला. वडील मुख्याध्यापक होते (म्हणजे आपल्याच बिरादरीतले!). ॲमस्टरडॅमला लष्करी डॉक्टरकीचं शिक्षण घेऊन ते १८८३ साली आजच्या इंडोनेशियात, तेव्हाच्या डच वसाहतीत गेले. मलेरियाने आजारी पडून १८८५ मध्ये परत आले. पुढच्याच वर्षी पत्नी वारली. मग बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत ते जंतुशास्त्र शिकले आणि पुन्हा जावा बेटावर गेले. कारण तिथे बेरीबेरीने थैमान घातलं होतं. पायातली ताकद जायची, अंगावर सूज यायची, शेवटी हृदय थांबायचं. सैनिक आणि कैदी पटापट मरत होते.

जंतू शोधणं हेच त्यांचं काम. पण जंतू काही सापडेना. अशातच, १८८९ च्या सुमारास, प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लटपटून पडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या! आइकमन यांनी चौकशी केली, तेव्हा गंमत कळली. कोंबड्यांना लष्करी दवाखान्यातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवीन स्वयंपाकी आला आणि लष्कराचा भात बाहेरच्या कोंबड्यांना द्यायचा नाही म्हणून अडून बसला. मग त्यांना साधा, न सडलेला तांदूळ मिळू लागला.

माणसांचं काय? फोर्डरमन या अधिकाऱ्याने १०१ तुरुंगांतल्या सुमारे २ लाख ८० हजार कैद्यांची माहिती गोळा केली. कोंड्यासकट तांदूळ खाणाऱ्यांत दहा हजारांत एकाला बेरीबेरी, तर पांढरा तांदूळ खाणाऱ्यांत एकोणचाळिसात एकाला!

तरी आइकमन यांचा निष्कर्ष चुकला. पांढऱ्या तांदळात विष आहे आणि कोंड्यात त्याचा उतारा, असं त्यांना वाटलं. १८९६ मध्ये आजारपणामुळे ते मायदेशी परतले. त्यांच्या जागी आलेल्या ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये सांगितलं, की विष वगैरे काही नाही, कोंड्यातला एक गरजेचा पदार्थच पोटात जात नाही. (पालकांनो, हातसडीचा तांदूळ म्हणूनच चांगला. कोकण-गोव्यातला उकडा तांदूळही. उकडताना हा पदार्थ दाण्यात मुरतो.)

१९२६ मध्ये यान्सेन आणि डोनाथ यांनी जावातच कोंड्यापासून त्या पदार्थाचे स्फटिक मिळवले आणि तपासायला आइकमन यांच्याकडेच पाठवले. पक्षी बरे झाले! पण त्या दोघांनी मांडलेल्या सूत्रात गंधक सुटलं होतं.

१९२९ चं नोबेल आइकमन यांना हॉपकिन्स यांच्याबरोबर मिळालं. ग्राइन्स मात्र राहिले, हे मला अजून खटकतं. आजारपणामुळे आइकमन स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. ५ नोव्हेंबर १९३० रोजी ते वारले. सूत्रातलं गंधक त्यानंतर जर्मनीत विंडाउस यांना सापडलं. १९३६ मध्ये आपल्या नेल्लोरला जन्मलेल्या रॉबर्ट विल्यम्स यांनी तो पदार्थ प्रयोगशाळेत बनवला. तेच आपलं ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन. त्यातलं 'थायो' म्हणजेच गंधक.